नखाने सुटणारी गाठ

१४ जून

चि. भोवऱ्यास,

पार्सल काल दुपारी पोचलं. वहीत टिपलं तेच इथे उतरवते, म्हणजे वाटेत काही गळालं असेल तर तुझ्या ध्यानात येईल. जुन्या चादरीची दुपटी आठ, कडा शिवलेली. पांढऱ्या लोकरीचे गुंडे चार. झाकणाची काचेची बरणी एक, अखंड. रद्दीच्या कागदाचे बोळे बावीस. सगळे उलगडून तळहाताने सपाट करून ठेवले. सुतळी साडेसहा हात, एकसंध. बाहेर तिकिटं अकराची, शिवाय वजन जास्त भरलं म्हणून पोस्टमनने दारात सव्वादोन घेतले.

सासूबाई म्हणाल्या, "दुपटी काय इथे मिळत नाहीत?" मी म्हटलं, मिळतात, पण अशी बांधलेली मिळत नाहीत. मग त्यांनी स्वतःच गाठ सोडून पाहिली. नखाने शेपूट उचकटलं, ओढलं, आणि सगळी सुतळी त्यांच्या हातात आली. पुन्हा पुन्हा बघत होत्या. म्हणाल्या, "तुझे आजोबा जादूगार आहेत की काय?" मी म्हटलं, नाही, पॅकर आहेत. एकेचाळीस वर्षं काचसामानाच्या गोदामात खोके भरलेत त्यांनी, त्या नोकरीवरच आईबापाविना आम्हा दोन भावंडांना वाढवलं.

माझी हकिकत अशी, की डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलं आहे. जिना नाही, बादली नाही, धक्का नाही. "मनालाही नाही," असं त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं. पण एका खोलीत बाजू ती केवढी, मला सगळं ऐकू आलं. मागच्या दोन्ही वेळी काय झालं ते तू जाणतोसच. देवाजवळ रोज तेच मागते. इतकं मागते की आता त्याचीच लाज वाटते.

पार्सलावर पत्ता तुझ्या अक्षरात होता. आजोबांचा हात दुखतो का? आणि खोकला कसा आहे? ते सांगतील तसं लिही, पदरचं घालू नकोस.

तुझी ताई


२३ जून

ताईस,

कागदाचे बोळे मोजून वहीत लिहिणारी बाई या जगात तू एकटीच असशील.

आजोबा ठीक आहेत. हात थरथरतो म्हणून पत्ता मी घातला. यापुढे पत्रंही मीच लिहीन. ते खाटेवर बसून सांगतात, मी उतरवून घेतो. ते म्हणतात, तू अजिबात काळजी करू नकोस, आनंदात राहा, सगळं चांगलंच होणार आहे. खोकला आता नाही.

आणखी दोन पार्सलं त्यांनी तुझ्यासाठी बांधून ठेवली आहेत. महिन्याला एक धाडायचं असा हुकूम आहे. तुला ठाऊक आहे, त्यांच्या हुकमापुढे कुणाचं चालत नाही.

माझी नोकरी बरी चालली आहे. आमच्या कंपनीत आता पट्ट्यावरून खोका येतो, चिकटपट्टी आपोआप बसते, आपण फक्त ढकलायचा. दिवसाला चारशे. आत काय आहे ते बघायचं कामच नाही. आजोबांना यातलं काही सांगत नाही, उगाच कशाला.

भावोजींना नमस्कार. तू पडून राहा.

भोवरा


१० जुलै

चि. भोवऱ्यास,

दुसरं पार्सल मिळालं. काचेचे लहान पेले सहा, सहाही अखंड. टोपडी तीन. साबणाच्या वड्या चार. बोळे एकतीस. सुतळी आठ हात, एकसंध. ह्या वेळी वजन बरोबर होतं, पोस्टमन हात हलवत गेला.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला पटलं नाही. आजोबा "काळजी करू नकोस" असं कधीपासून म्हणायला लागले? मला तरी आयुष्यात म्हणाले नाहीत. मॅट्रिकच्या निकालाच्या आदल्या दिवशी मी जेवत नव्हते, तेव्हा म्हणाले होते, "काळजी कर. करायचीच. पण ती नीट बांधून ठेव. आत हलली नाही पाहिजे. हलणारी वस्तू स्वतः फुटते आणि शेजारचीलाही फोडते." तू घाईत लिहिलं असशील. म्हणून तर त्यांनी तुझं नाव भोवरा ठेवलं.

पडल्या पडल्या मला सारखं गोदाम आठवतं. मी नऊ वर्षांची असेन, तू जेमतेम चालायला लागला होतास. त्यांनी एक बंद खोका माझ्या कानाशी धरला आणि हळूच हलवला. आत किणकिण झालं. "काय ऐकू आलं?" मी म्हटलं, काच. "नाही. आत कुणीतरी एकटं पडलंय. त्याच्या भोवती रिकामी जागा राहिली." आणि एवढा भरलेला, बांधलेला खोका त्यांनी पुन्हा उघडला. सुपरवायझर ओरडत होता, गाडी सुटायची वेळ झाली होती. आजोबा बोळे करत बसले.

लग्न ठरल्यावर सगळ्या बायका मला समजावत होत्या, भांड्याला भांडं लागायचंच, मनावर घेऊ नकोस. आजोबा एवढंच म्हणाले, "असं भांड्याला भांडं लागू दिलं असतं तर मला पहिल्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. दोघींच्या मध्ये काहीतरी मऊ ठेवायचं. रोज. संपलं की पुन्हा आणायचं." इथे आल्यावर पहिल्या वर्षी मी ते रोज शोधत होते. एखाद्या दिवशी ते नुसतं गप्प बसणंच असायचं. आता सासूबाई माझे पाय चेपतात, आणि मला संकोच होतो म्हणून तोंडाने मला शिव्या देतात.

हे सगळं तुला ठाऊकच असेल, पण आजोबांना वाचून दाखव. बाळ आता चांगलंच लाथा मारतं. तेही सांग. म्हणावं, खोक्यात जागा अगदी बेताची आहे, आवाज येत नाही.

तुझी ताई


२ ऑगस्ट

ताईस,

वाचून दाखवलं. हसले.

तिसरं पार्सल काल टाकलं. त्यांनी बांधलेलं हे शेवटचं.

एक लिहू का? तुझ्यासाठी तीन पार्सलं. मी जन्मभर त्याच घरात राहिलो, माझ्यासाठी साधी एक चिठ्ठी नाही. दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या गोदामातून निघून कंपनीत गेलो, त्या दिवसापासून "आलास का", "जेवलास का" याच्या पुढे माझ्याशी बोलणं नाही. मीही बोललो नाही. म्हटलं, सुतळीवर जग चालत नाही हे त्यांना कधीतरी कळेल. त्यांना कळो न कळो, घर फार गप्प असतं. कंपनीतून येतो, कुलूप काढतो आणि

हे तुला लिहायला नको होतं. तुला धक्का नको म्हणून सांगितलंय आणि मी हे असलं. पण दुसरा कागद घरात नाही, म्हणून जातं तसं जाऊ दे. आजोबा ठीक आहेत.

भोवरा


१७ ऑगस्ट

चि. भोवऱ्यास,

तिसरं पार्सल पोचलं. काचेची वाटी एक, अखंड. लाकडी चमचा एक. जाड रजई एक, बाळाच्या मापाची. बोळे अठरा. सुतळी, तीन तुकडे.

तुझ्या पत्राचा राग आला नाही. ते फाडलं नाहीस हे बरं केलंस.

माझं एक काम कर. आजोबांची गाठ मला येत नाही. लहानपणी शेकडो वेळा सोडली, पण मारायला कधी शिकले नाही. सोडणाऱ्याला वाटतं आपल्यालाही येते. ती कशी मारायची ते मला पायरीपायरीने लिहून पाठव. आजोबांना त्याचा त्रास देऊ नकोस. गोदामातले पेटीवाले सुतारकाका अजून आहेत ना? आजोबांच्या शेजारी बसून तीस वर्षं लाकडी खोके ठोकले त्यांनी. त्यांच्याकडे जा, त्यांच्यासमोर बसून शीक, हाताला बसली की मग लिही. मला घाई नाही. दोन महिने पडूनच आहे.

आणि घरी आलास की कुलूप काढण्याआधी शेजारच्या बाईंशी दोन शब्द बोलत जा. जेवण एकट्याने उभ्या उभ्या जेवू नकोस. मी रोज तुझं नाव घेऊन देवाला हात जोडते. माझी तब्येत बरी आहे, जेवते, निजते. मी नीट बांधलेली आहे.

तुझी ताई


२६ सप्टेंबर

ताईस,

उत्तराला सहा आठवडे लागले. तू घाई नाही म्हणालीस म्हणून नाही; हाताला बसेना म्हणून.

सुतारकाकांकडे पहिल्या रविवारी गेलो तेव्हा त्यांनी वर न बघताच विचारलं, "कोण, चिकटपट्टी?" मी म्हटलं, हो, गाठ शिकायची आहे. "दोन वर्षं उशीर केलास." मग रंधा मारत राहिले. तासाभरानं म्हणाले, "बस."

आता लिहितो ते सावकाश वाच. सुतळी आधी लांबीवरून फिरवायची, मग रुंदीवरून. जिथं एकमेकींना ओलांडतात तिथं खालून एक वेढा. मग सैल फास करून ओढायचा. किती ओढायचा याचं माप आहे : सुतळीखाली करंगळी जाता कामा नये, पण वरून बोट फिरवल्यावर सुतळी कागदात रुतलेली लागता कामा नये. त्यानंतर टोक दुमडायचं आणि दुमडलेलंच फासातून ओढायचं, पण अर्धंच. उरलेलं शेपूट बोटभर ठेवून वेढ्याखाली दाबायचं. वाटेत कितीही आपटलं तरी ते बाहेर येत नाही. ज्याच्या घरी पोचतं त्यानं नखानं उचकटलं की येतं.

मी पहिल्या दिवशी चाळीस गाठी मारल्या असतील. काका सगळ्या ओढून बघायचे आणि टाकायचे. म्हणाले, "तू पार्सल सुटू नये म्हणून बांधतोस. तुझा आजोबा ते सुटावं म्हणून बांधायचा. पलीकडे म्हातारी असेल, हाताला संधिवात असेल, घरात कात्री नसेल. तिचे हात डोळ्यापुढे आण आणि मग ओढ." चौथ्या रविवारी एक गाठ त्यांनी ओढली, सुटली. नुसती सुतळी माझ्या हातात परत दिली.

मग त्यांनी मला एक दाखवलं. गोदामात फुटतुटीचं रजिस्टर असतं, परत आलेला माल आणि कारण. आजोबांच्या एकेचाळीस वर्षांत त्यांच्या नावावर एकच नोंद आहे. कंदिलाच्या काचा, चोवीस, पैकी सात फुटल्या. सगळे जण अशा वेळी लिहितात, "गाडीत आपटलं." सुपरवायझरनंही तेच लिहा म्हटलं होतं. आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "भरताना माझं लक्ष नव्हतं." खाली सही. माल भरल्याची तारीख बघितली, ताई. मी गोदाम सोडून गेलो त्याच दिवसाची आहे.

मी समजत होतो त्या दिवशी त्यांनी मान वर करूनही बघितलं नाही.

पार्सल टाकतो आहे. यात मी आणि काकांनी केलेला खुळखुळा आहे. काका म्हणाले, हा एकच डबा असा, की हलवल्यावर आवाज यायलाच हवा. तब्येत सांभाळ. आजोबांविषयी पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

भोवरा


३० ऑक्टोबर

चि. भोवऱ्यास,

मुलगी झाली. एकवीस तारखेला, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी. वजन बेताचं, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतली नर्स बघायला आली. तार तुला मिळालीच असेल. देवाने ऐकलं. मी उठून बसते, हे पत्र बसून लिहिते आहे, मांडीवर ती झोपली आहे म्हणून अक्षर तिरकं.

तुझं पार्सल बाळंतपणाआधी आठ दिवस पोचलं. खुळखुळा एक, अखंड. बोळे चौदा. सुतळी सात हात, एकसंध. नखाने सुटली.

सासूबाई म्हणाल्या, "आजोबांची गाठ." मी हो म्हटलं.

आता भोवऱ्या, शांतपणे वाच. पुढच्या पत्रात तू जे सविस्तर लिहिणार आहेस, ते मला ऑगस्टपासून ठाऊक आहे. तिसऱ्या पार्सलाला गाठीवर गाठ आणि तिच्यावर आणखी एक गाठ होती. कात्री लावावी लागली. आजोबांनी बांधलेल्या वस्तूला मी त्या दिवशी पहिल्यांदा कात्री लावली. तू ते उघडलं होतंस आणि तुला येईल तसं परत बांधलं होतंस, हे तर दिसतच होतं. पण नुसतं तेवढंच असतं तर मी हसले असते. आजोबा घरात असते तर ती गाठ उंबऱ्याबाहेर गेली नसती. हात कितीही थरथरत असता, खाटेवरून उठता येत नसतं, तरी त्यांनी तुला हाक मारून ती सोडायला लावली असती. ती तशीच माझ्यापर्यंत आली, तेव्हाच मी समजले, की तिकडे बघणारं आता कुणी नाही.

मी रडले. कुशीवर निजून, पोटाला हात लावून रडले, फार हलणार नाही इतपत. मग रजई उलगडली, कारण ती त्यांनी भरली होती. मला सांगू नये हीही त्यांचीच इच्छा असणार, हे माझ्या लक्षात आलं. तीन पार्सलं आधी बांधून ठेवणारा माणूस, आपण गेल्यावरही ती जात राहावीत म्हणूनच बांधतो. म्हणून मी तुला कळू दिलं नाही की मला कळलं आहे. ह्यांना तू आधीच कळवलं होतंस ते मला मागाहून समजलं. एका खोलीत आम्ही दोघं अडीच महिने एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

तू ते पार्सल का उघडलंस तेही तुझ्या पत्रावरून समजलं. तुझ्यासाठी काही आहे का ते शोधत होतास. होतं. वाटी बघितलीस, चमचा बघितलास, रजई झटकलीस, आणि बोळे होते तसे परत कोंबलेस. भोवऱ्या, बोळा उलगडल्याशिवाय टाकू नये, झाकण, किल्ली, लहानसहान सगळं त्यातच राहतं, हे आपण चालायला लागल्यापासून ऐकत आलो. मी अठराही उलगडले. अकराव्यात त्यांचं दाभण होतं, गोणपाट शिवायचं, शिंगाच्या मुठीचं, जे आपल्याला हात लावायला बंदी होती. त्याभोवती कागद होता. त्यावर लिहिलं होतं ते जसंच्या तसं उतरवते :

"हे भोवऱ्याचं. मागायला तो येणार नाही. बोलवायला मला जमलं नाही. तू दे."

अक्षर वाकडं आहे, पण त्यांचंच आहे. "जमलं नाही" असं त्यांनी आणखी कुठे लिहिलं असेल तर ते त्या रजिस्टरातच.

ते मी ऑगस्टमध्येच पाठवू शकले असते. तुझं पत्र समोर होतं, तू एकटा होतास, आणि मी रोज दाभण उशीखालून काढून बघत होते. पण तेव्हा दिलं असतं तर ते चिकटपट्टीवाल्याच्या घरात एक जुनी वस्तू म्हणून पडलं असतं, असं मला वाटलं. म्हणून तुला आधी सुतारकाकांकडे धाडलं. यात माझं चुकलं असेल तर मोठ्या बहिणीची चूक म्हणून सोडून दे. तू इतके महिने मनात काय काय घेऊन एकट्याने राहिलास, हे मला रजिस्टरची हकिकत वाचल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मलाही स्वस्थता नाही.

तू नोकरी सोड असं मी म्हणत नाही. चारशे खोके ढकलणाऱ्याला पगार मिळतो आणि पगार लागतो. पण रविवारी काकांकडे जात जा.

दाभण आणि चिठ्ठी सोबतच्या लहान पार्सलात आहे. टपालाला सहा पडले. गाठ मी मारली आहे, तू लिहिलंस त्याप्रमाणे, तुझे हात डोळ्यापुढे आणून. कात्री लावू नकोस.

एक राहिलं. मुलीच्या जन्माची नोंद वहीत केली, तशी आजोबांची करायची आहे. मे की जून, तेही मला माहीत नाही, म्हणून दोन्ही पानांवर एकेक ओळ मोकळी ठेवली आहे. तारीख कोणती, सकाळ होती की दुपार, आणि तेव्हा तू त्यांच्याजवळ होतास का, एवढं परतीच्या टपालाने कळव. जवळ नसलास, तरी तसंच लिही.

तुझी ताई